वॉर्निश मारलेलं जेवण

रेकॉर्डच्या कव्हरावर खायच्या वस्तू का छापायच्या, याचं उत्तर ज्यांच्याकडे होतं ते कंपनीचे साहेब कधीच वर गेले. पण त्यांचं मत ठाम होतं, आणि साहेबांचं मत ठाम असलं की ते बरोबर की चूक हे विचारायची पद्धत तेव्हाही नव्हती. ते म्हणायचे, गाणं काही दिसत नाही. माणूस दुकानात शिरतो तो डोळे घेऊन, आणि डोळ्यांना सगळ्यात आधी दिसतं ते खाणं. म्हणून व्हायोलिन असेल तर द्राक्षं. ट्रंपेट असेल तर भाजलेली कोंबडी. गाणारी बाई असेल तर चेरी लावलेला केक, आणि गाणारा पुरुष असून त्यातून रडका असेल तर थंड झालेली कॉफी. पियानोला कलिंगड का, हे मात्र साहेबांनाही सांगता आलं नसतं.

साहेबांच्या या एका मतावर दोन माणसांनी वीस वर्षं पोट भरलं. एक फोटो काढणारे. त्यांना सगळी कंपनी तेव्हा फोटोभाऊ म्हणायची, आता केस पांढरे झाल्यावर लोक फोटोकाका म्हणतात. दुसऱ्या केकबाई. त्यांनी आयुष्यात केकपेक्षा कोंबड्याच जास्त रंगवल्या, पण पहिल्या दिवशी केक घेऊन आल्या आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. कव्हरावरचं अन्न तयार करायचं काम त्यांचं. शिजवायचं नव्हे, तयार करायचं. कारण त्यातलं काहीही तोंडात घालण्यासारखं नसे. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, असं म्हणतात. या दोघांना त्याचा दरमहा पगार मिळायचा.

कंपनी बंद पडली, रेकॉर्डी अडगळीत गेल्या, आणि मग जशा गेल्या तशा परत आल्या. शहरातल्या एका अरुंद रस्त्यावर जुन्या रेकॉर्डींचं दुकान चालवणाऱ्या एका बाईने त्यातली खाण्याची कव्हरं निवडून बाजूला काढली. एकोणीस निघाली. त्यांचं प्रदर्शन भरवायचं तिने ठरवलं आणि नावही ठेवलं, ‘पोटभर गाणी’. प्रत्येक कव्हराखाली एक छोटं कार्ड लावायचं, त्यावर लिहायचं की हे खाणं खरं कशाचं होतं. ते सांगणारी माणसं जगात दोनच. म्हणून तिने फोटोकाकांना आणि केकबाईंना सोमवार ते शुक्रवार रोज सकाळी दहाला बोलावलं आणि दुकानाच्या मागच्या खोलीत एका टेबलाशी बसवलं. प्रदर्शन शनिवारी उघडणार होतं.

सोमवारी पहिलं कार्ड हातात घेतानाच केकबाई सहज म्हणाल्या, “शनिवारपर्यंत उरकायला हवं हं. रविवारी भाचा टेम्पो घेऊन येतोय. मी त्याच्याकडे चालले, कायमची.”

“कायमची?” दुकानवालीने विचारलं.

“एकटीने किती दिवस जिने चढायचे? त्याची बायको चांगली आहे. खोली दिलीय मला, खिडकीसकट.”

फोटोकाकांनी पेनचं टोपण काढलं, परत लावलं, परत काढलं. त्यांना केकबाईंच्या कानावर एक गोष्ट घालायची होती, आणि ती सांगायची राहून एक्केचाळीस वर्षं झाली होती. इतके दिवस त्यांना वाटायचं, आहे की वेळ. केकबाई दर पंधरवड्याला घरी यायच्या, काकांच्या थोरल्या बहिणीशी गप्पा मारायच्या, काकांना चार टोमणे मारायच्या आणि जायच्या. माणूस येत-जात असला की सांगायच्या गोष्टी उद्यावर ढकलता येतात. आता उद्या मोजून सहा उरले होते.

“लिहा,” केकबाई म्हणाल्या. “आइस्क्रीम.”

काकांनी लिहिलं, ‘आइस्क्रीम: बटाटा.’

“नुसता बटाटा काय? लोकांना वाटेल मी टोपलीतून उचलून ठेवला. उकडून, दोनदा चाळणीतून काढून, त्यात गुलाबी रंग घालून, गरम पळीने गोळे पाडलेले. लिहा नीट.”

“कार्ड एवढंसं आहे.”

“तुमचं अक्षर मोठं आहे. कार्डाला नावं ठेवू नका.”

दुकानवाली दाराशी उभी राहून हसत होती. मग त्या आइस्क्रीमची गोष्ट निघाली. कंपनीतला एक क्लॅरिनेटवाला फोटो संपल्यावर त्या आइस्क्रीमवर तुटून पडला होता. पहिला चमचा तोंडात गेला, चेहरा पडला, पण माणूस भिडस्त. तो सगळा घास गिळून म्हणाला, छान आहे, फक्त गोड जरा कमी पडलंय. त्यानंतर केकबाईंनी स्टुडिओत पाटीच लावली, की टेबलावरच्या कशालाही तोंड लावू नये. ती पाटी त्या स्वतःही काटेकोर पाळायच्या. काम करताना त्यांच्या तोंडात पाण्याचा घोटसुद्धा जायचा नाही.

पुढचे दिवस असेच गेले. दुधाचा ग्लास, त्यात पांढरा डिंक. लिंबाच्या सरबतातला बर्फ म्हणजे काचेचे तुकडे. मधाच्या जागी शिवणयंत्राचं तेल. कोंबड्या सगळ्या अर्ध्या कच्च्या, कारण पूर्ण शिजली की कातडी सुरकुतते. आत चिंध्या भरलेल्या, वरून कॉफीचा रंग. सूपच्या वाडग्यात तळाला काचेच्या गोट्या, म्हणजे भाज्या बुडत नाहीत.

“आणि मावशी, ही वाफ?” दुकानवालीने विचारलं.

“ओला कापूस. चांगला कडक गरम करायचा आणि वाडग्यामागे लपवायचा. वाफ टिकते अर्धा मिनिट. तेवढ्यात फोटो निघायला हवा. यांची त्यातली वीस सेकंदं मान हलवण्यातच जायची. मान इकडे, मान तिकडे. मी चिमटा धरून उभी, बोटं भाजतायत, आणि हे विचार करतायत.”

“पण फोटो चांगले यायचे,” काका म्हणाले.

“यायचे,” केकबाईंनी कबूल केलं. “म्हणून तर भाजून घेतली.”

काका त्यांच्या बोटांकडे बघत राहिले. ती बोटं आता जरा वाकडी झाली होती, पण कार्ड उचलताना अजूनही दोन टोकांनीच उचलायची, ओला रंग असल्यासारखी. फोटोकाकांचं या बाईंवर प्रेम होतं. इतकी साधी गोष्ट आहे. एका ओळीत मावते, कुठल्याही कार्डावर बसते. पण ती तोंडाने म्हणायची वेळ आली की या सद्गृहस्थांची जीभ टाळ्याला चिकटायची.

बुधवारी दुपारी ते घरी आले तेव्हा ताई जेवायची थांबली होती. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून भावाकडे राहायची, वय ऐंशीला टेकलेलं, कान थोडे मंद, जीभ मुळीच नाही.

“सांगितलंस?” तिने पान वाढता वाढता विचारलं.

“विषय निघाला नाही.”

“विषय काय उंदीर आहे, आपोआप बाहेर निघायला?”

“दुकानात लोक असतात, ताई.”

“दुकानात लोक, घरी मी, रस्त्यात गाड्या. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. एक्केचाळीस वर्षं तू ताकालाच चाललायस.” ती स्वतःच्या पानावर बसली आणि जरा मऊ आवाजात म्हणाली, “ती गेली ना, तर तू मला खायला उठशील. आणि मीही काही फार दिवस पुरणार नाही. माझं ऐक.”

ताईचं काकांना काही खोटं वाटत नव्हतं, हीच तर अडचण होती.

गुरुवारी अठरा कार्डं लिहून झाली आणि दुकानवालीने शेवटचं कव्हर टेबलावर ठेवलं. ‘दोन खुर्च्या’. खिडकीशी एक टेबल, दोन माणसांची मांडणी, सूप, पाव, मधोमध सोनेरी कोंबडी, दोन नासपती. खुर्च्या रिकाम्या.

आता या कव्हराची गोष्ट सांगायलाच हवी, कारण फोटोकाकांच्या समजुतीने ती त्यांच्याखेरीज फक्त ताईला माहीत होती.

त्या वेळी ते तेहतीस वर्षांचे होते आणि केकबाईंबरोबर काम करून सहा वर्षं झाली होती. एका बुधवारी कंपनीचं काही काम नव्हतं. फोटोभाऊंनी ठरवलं, त्या दिवशी बाईंना जेवायला बोलवायचं आणि जेवताना लग्नाचं विचारायचं. सूप कसं करायचं ते ताईने कागदावर लिहून दिलं. सकाळी सहाला उठून ते त्यांनी रांधलं. कोंबडी खालच्या बेकरीवाल्याच्या भट्टीत भाजून आणली. घरी धड टेबल नव्हतं, म्हणून स्टुडिओतलं टेबल पूर्वेच्या खिडकीशी ओढलं आणि त्यावर सगळं मांडलं. इथवर सगळं छान. घोडं अडलं ते निमंत्रणात. बाईंना ते एवढंच म्हणाले होते, “बुधवारी अकराला या.” जेवायला हा शब्द घशातच राहिला होता. आणि सहा वर्षांत त्यांनी बाईंना कामाशिवाय एकदाही बोलावलेलं नव्हतं.

बाई आल्या त्या आपली पत्र्याची पेटी घेऊनच. दारात थांबून त्यांनी टेबल पाहिलं.

“मांडणी चांगली जमलीय,” त्या म्हणाल्या. “कुणाची रेकॉर्ड?”

इथे माणसाने काय म्हणावं? बसा म्हणावं. सूप गार होतंय म्हणावं. अगदीच काही सुचलं नाही तर खुर्ची तरी मागे ओढावी. फोटोभाऊ म्हणाले, “ऑर्केस्ट्रा आहे.”

झालं. बाईंनी पेटी उघडली. सूपात गोट्या टाकल्या. पावावर तेलाचा हात फिरवला. नासपतींवर ग्लिसरिनचे थेंब ठेवले, एकेक, काडीने. मग वॉर्निशचा डबा उघडला आणि ब्रश हातात धरून क्षणभर थांबल्या. तेव्हाही बोलता आलं असतं. पण भाऊ जे बोलले ते असं, “ऊन चाललंय, लवकर आटपा.” मग सकाळपासून रांधलेल्या जेवणावर वॉर्निश चढलं, त्यांनी आठ फोटो काढले, आणि संध्याकाळी सगळं टेबल कचऱ्याच्या डब्यात गेलं. फोटोभाऊ त्या दिवशी उपाशी घरी गेले.

पुढे ऑर्केस्ट्रा म्हटलं म्हणून फोटो साहेबांना दाखवणं आलं. साहेब इतके खूश झाले की त्यांनी खरोखरच ऑर्केस्ट्रा शोधला आणि त्या फोटोला शोभतील अशा धुना बसवायला लावल्या. कव्हर आधी आणि रेकॉर्ड मागून, असं त्या कंपनीत एकदाच झालं. रेकॉर्ड तुफान खपली. घरोघरी लोक ती लावून जेवले. ज्याने ते जेवण रांधलं तोच काय तो जेवायचा राहिला.

“हे तर सगळ्यांत गाजलेलं,” दुकानवाली म्हणाली. “या कोंबडीची चकाकी बघा. रेकॉर्डी जमवणारे खास या चकाकीसाठी हे कव्हर शोधत येतात. मावशी, कशी आणलीत?”

“वॉर्निशचे तीन हात,” केकबाई म्हणाल्या.

“आणि आत? बाकीच्यांसारखी कच्ची? चिंध्या?”

केकबाईंनी कव्हर उचललं, दूर धरून पाहिलं आणि खाली ठेवलं. “ते यांना विचारा. टेबल यांनी मांडलं होतं. मी नंतर आले.”

दोघीही काकांकडे बघू लागल्या. असा विषय पुन्हा निघणार नव्हता. ताईचा उंदीर बिळातून बाहेर येऊन टेबलाच्या मध्यावर बसला होता. काकांनी पेन कार्डावर टेकवलं.

“आठवत नाही,” ते म्हणाले.

केकबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला आणि पर्स आवरायला घेतली. नेहमी त्या जाताना काहीतरी टोमणा मारून जायच्या. त्या दिवशी नुसतं “येते” म्हणून गेल्या. उद्या त्यांचं इथे काही काम नव्हतं. सामान बांधायचं होतं.

“काका, हे एवढं कार्ड उद्या संध्याकाळपर्यंत द्या हं,” दुकानवाली म्हणाली. “सूप कशाचं आणि कोंबडी कशाची, दोन ओळी पुरे.”

काका घरी गेले ते रस्ताभर स्वतःला शिव्या घालत. आठवत नाही! बेकरीवाल्याने कोंबडीवर फडकं कसं गुंडाळून दिलं होतं तेसुद्धा त्यांना आठवत होतं. ताईला त्यांच्या चेहऱ्यावरूनच सगळं कळलं आणि ती चक्क काही बोलली नाही. ताई गप्प बसली की प्रकरण हाताबाहेर गेलं म्हणून समजायचं.

शुक्रवारी सकाळी चहा झाल्यावर काका कार्ड घेऊन बसले. पहिल्यावर त्यांनी लिहिलं, ‘सूप: पीठ व पाणी’, आणि फाडलं. दुसऱ्यावर लिहिलं, ‘सूप: बटाट्याचं’, आणि फाडलं. सहा कार्डं फाडली. सातव्यावर मात्र त्यांनी मान न हलवता लिहिलं, बारीक अक्षरात, कारण मजकूर मोठा होता. मग टोपी घातली आणि दुकानाकडे न जाता उलट्या दिशेची बस धरली.

केकबाईंची खोली एका धोब्याच्या दुकानाच्या वर होती. जिना अरुंद, भिंतीला इस्त्रीच्या वाफेचा ओलसर वास. दार उघडंच होतं. आत खोकी एकावर एक रचलेली, सुतळीने बांधलेली, प्रत्येकावर काळ्या शाईने लिहिलेलं. कपाटाच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन उरला होता. केकबाई जमिनीवर बसून ब्रश वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या.

“तुम्ही? बसा. त्यावर नको, त्यात काच आहे. त्या पलीकडच्यावर बसा, त्यात नुसती पांघरुणं आहेत.”

काका बसले नाहीत. त्यांनी खिशातून कार्ड काढून पुढे केलं. “दुकानात द्यायच्या आधी तुम्ही बघा. बाकीची तुम्हीच तपासलीत.”

केकबाई उठल्या. वाचायचा चष्मा कुठल्यातरी खोक्यात गेला होता, म्हणून त्या खिडकीशी गेल्या आणि हात लांब करून वाचू लागल्या. कार्डावर लिहिलं होतं: ‘या टेबलावरचं सूप सूपच होतं. कोंबडी पूर्ण शिजलेली होती. पाव त्याच सकाळचा होता. हे जेवण फोटोसाठी केलेलं नव्हतं. एका बाईंना जेवायला बोलावलं होतं आणि त्यांना तसं सांगायचं राहून गेलं. चूक फोटो काढणाऱ्याची.’

त्यांनी ते दोनदा वाचलं असावं, इतका वेळ लागला. खाली धोब्याकडे कुणीतरी शर्टाच्या बटणांवरून वाद घालत होतं. काकांनी टोपी काढून हातात घेतली.

“बरोबर लिहिलंत,” केकबाई म्हणाल्या. “फक्त एक राहिलं. सूपात मीठ जास्त होतं.”

काकांना वाटलं आपल्याला ऐकू आलं नाही. “काय?”

“मीठ. जरा जास्त झालं होतं. आणि जायफळ. जायफळ बेताचं होतं.”

“तुम्ही चाखलंत? तुम्ही? तुम्ही तर कामात पाणीसुद्धा पीत नव्हता.”

“चाखायला नाही गेले. गोट्या किती टाकायच्या ते बघायला सूप किती दाट आहे हे बोटाने बघावं लागतं. बोट बुडवलं आणि पुसायचं फडकं सापडेना. घातलं तोंडात.” त्यांनी कार्ड खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. “फोटोच्या सूपात मीठ कोण घालतं हो? वीस वर्षांत मी कधी घातलं? मीठ घातलेलं सूप माणसाला पाजण्यासाठी असतं. मला तिथल्या तिथे कळलं.”

“मग बोलला का नाहीत?” काकांचा आवाज चिरका निघाला.

“मी बोलू? बोलावलं कुणी होतं? मी ब्रश हातात धरून थांबले की. तुमच्याकडे बघितलं. म्हटलं आता बोलतील, आता म्हणतील, राहू द्या तो डबा, बसा. तर तुम्ही म्हणालात, ऊन चाललंय, लवकर आटपा.” त्या खिडकीपासून वळल्या. “असा राग आला मला. एक हात पुरला असता त्या कोंबडीला. मी तीन मारले. लोक त्या चकाकीचं कौतुक करतात तेव्हा मला काय वाटत असेल याचा विचार करा.”

काका मटकन खोक्यावर बसले. नशिबाने पांघरुणांच्याच. एक्केचाळीस वर्षं त्यांना वाटत होतं की आपण एक गोष्ट मनात दडवून ठेवली आहे. ती या बाईंच्याही मनात होती, आणि त्यांची जास्त जड होती, कारण त्यांनी वाट पाहिली होती. काकांना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही, कारण लपवायची आता खरोखर हौस उरली नव्हती.

“मी मूर्ख आहे,” ते म्हणाले.

“आहातच. मीही फार शहाणी नव्हते. दर पंधरवड्याला तुमच्या ताईंशी बोलायला चार बस बदलून कोण जातं? मला काय ताईंचा एवढा पुळका होता?” त्या त्यांच्या समोरच्या खोक्यावर बसल्या. “कार्ड आणलंत ते चांगलं केलंत. पण ते दुकानात लावण्यासाठी आहे, चार लोकांनी वाचण्यासाठी. मला काय सांगायचंय ते मला सांगा.”

काकांनी मान इकडे वळवली. तिकडे वळवली. केकबाई थांबून राहिल्या. चिमट्यात गरम कापूस धरून थांबायच्या तशाच, पण या वेळी बोटं त्यांची भाजत नव्हती.

“जाऊ नका,” काका म्हणाले. आणि एकदा तोंड उघडल्यावर बाकीचंही आलं. “आमच्याकडे या राहायला. लग्न करू, नाहीतर न करता, तुम्ही म्हणाल तसं. मागची खोली रिकामी करतो, माझ्या जुन्या कॅमेऱ्यांनी भरलीय ती. ताईला आनंदच होईल. मला तुमच्याबरोबर जेवायचंय. रोज.”

केकबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग नाक ओढलं, उठल्या, खोक्यांच्या मागे ठेवलेला फोन उचलला आणि भाच्याचा नंबर फिरवला.

“मी बोलतेय, आत्या. हो, झालं बांधून बहुतेक. थांब जरा, इथे एकजण आहेत, त्यांना तुझ्याशी बोलायचंय.” आणि त्यांनी फोन सरळ काकांच्या हातात दिला.

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. केकबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. मदत करायचा त्यांचा काही विचार दिसत नव्हता.

“नमस्कार,” काका फोनमध्ये म्हणाले, गरजेपेक्षा बरंच मोठ्याने. “रविवारी टेम्पो आणू नका.”

“बरं,” पलीकडून भाचा म्हणाला. “मग कधी आणू?”

“आणूच नका. त्या इथेच राहतायत. माझ्याकडे.” त्यांनी श्वास घेतला. “माझं त्यांच्यावर प्रेम आहे. फार वर्षांपासून आहे. सांगायला मला उशीर झाला.”

भाचा एवढंच म्हणाला, “आत्याला द्या जरा.”

काकांनी फोन दिला. केकबाईंनी आधी त्यांचा हात धरला आणि मग फोन घेतला. हात सोडला नाही.

“ऐकलंस ना?” त्या भाच्याला म्हणाल्या. “हो, तेच. नाही रे, कुणी गळ घातली नाही मला. तुझ्या बायकोला सांग, खोलीची खिडकी मुलांना दे. मी जाणारच नव्हते, कुणी थांब म्हणालं असतं तर.”